रक्त, दाह आणि 'कोरियन स्त्रिया'

शोधनिबंधांची शीर्षके हा वाङ्मयप्रकार मानायचा की नाही, याविषयी आमच्यातच मतभेद आहेत. परंतु गेल्या वीसएक वर्षांत स्त्रीरोगशास्त्राच्या आणि जनुकशास्त्राच्या नियतकालिकांतून एका विशिष्ट घाटाचे शीर्षक इतक्या वेळा आले आहे, की त्याला निदान एखादे वृत्त म्हणायला हरकत नसावी. आरंभी जनुकाचे नाव, मग त्या जनुकातील एका अक्षराच्या फरकाचा क्रमांक, मग 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम' हे विकाराचे नाव, आणि अखेरीस, यमक यावे तसे, 'कोरियन स्त्रियांमध्ये'. ही जनुकेही वारंवार एकाच घराण्यातली निघतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, निरनिराळी इंटरल्यूकिने, अशी शरीराच्या प्रतिकारसंस्थेत निरोप्याचे काम करणाऱ्या रेणूंची ती जनुके.

आम्ही वैद्यकाचे जाणकार नव्हे. पण शीर्षकातील प्रत्येक शब्दाला पूर्वायुष्य असते, हे साहित्याच्या वर्गात आम्हांला शिकवले गेले आणि पुढे आम्हीही ते इतरांना शिकवले. विकाराचे नाव, प्रतिकारसंस्था आणि 'कोरियन' हे विशेषण या तिन्हींचे इतिहास वेगवेगळे आहेत. ते एका ओळीत कसे येऊन बसले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम विकाराचे नाव. आपल्याकडे दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत 'पीसीओडी' हे आद्याक्षरांचे नाव इतके रुळले आहे, की त्याचा विस्तार विचारण्याची कोणाला गरज भासत नाही. हे नाव मुळातच फसवे आहे. 'सिस्ट' म्हणजे गाठ किंवा पुटी. पण सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारखे जे दिसते त्या गाठी नव्हेतच. त्या वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका असतात. प्रत्येकीत एक बीज असते आणि ते पक्व होऊन बाहेर पडण्याची वेळ येत नाही. कोरियन भाषेतील नावही चिनी मुळाच्या शब्दांतून घडवलेले आहे आणि त्याचाही अर्थ 'पुष्कळ पिशव्यांचे अंडाशय' असाच होतो. चूक भाषांतरित झाली, आणि अगदी बिनचूक भाषांतरित झाली. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेतील तज्ज्ञमंडळाने हे नाव दिशाभूल करणारे असल्याचे सांगून ते बदलावे अशी शिफारस केली होती.

पाहणाऱ्याला जे आधी दिसले, त्यावरून नाव पडले. १७२१ साली अंतोनियो व्हालिस्नेरी या इटालियन पंडिताने एका तरुण, विवाहित, निपुत्रिक शेतकरी स्त्रीच्या अंडाशयांचे वर्णन केले: नेहमीपेक्षा मोठी, उंचसखल, पांढुरकी आणि चकचकीत, कबुतराच्या अंड्यांएवढी. त्या स्त्रीचे नाव त्याने नोंदवले नाही. मग १९३५ साली शिकागोच्या मायकेल रीझ रुग्णालयातील आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थाल यांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी बंद झालेली, काहींच्या अंगावर केस वाढलेले, आणि अंडाशये मोठी. दोघांनी प्रत्येक अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी परत सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. पुढे कित्येक वर्षे हा विकार या दोन पुरुषांच्या आडनावांनीच ओळखला जात होता.

ज्याने पोट उघडले त्याला अंडाशय दिसले. ज्याने मूत्र तपासले त्याला दुसरेच काही दिसले. पॅरिसमध्ये १९२१ साली आशार आणि तियेर यांनी 'दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह' अशा नावाने एक वर्णन केले होते. नाव जत्रेतल्या तंबूवर शोभावे असे खरे. पण साखर आणि पुरुषसंप्रेरके यांचा संबंध तेथे पहिल्यांदा जुळलेला दिसतो. १९८० मध्ये रक्तातील इन्सुलिनचे आणि पुरुषसंप्रेरकांचे प्रमाण या स्त्रियांत हातात हात घालून वाढते, असे आढळले. त्याच दशकाच्या अखेरीस हेही स्पष्ट झाले की वजन वाढलेले नसले तरी या स्त्रियांची शरीरे इन्सुलिनला दाद देत नाहीत. म्हणजे अंडाशय हे एकच रंगस्थळ नव्हते.

आता प्रतिकारसंस्था येथे कोठून आली? ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या रेणूला १९७५ मध्ये नाव मिळाले ते अर्बुदाच्या पेशी मारतो म्हणून. (हेही नाव पुढे अपुरेच ठरले, विज्ञानात बारसे नेहमी पत्रिका मांडण्याआधी होते.) १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत हाच रेणू सापडला आणि इन्सुलिनचे काम तो बिघडवतो असे दिसले. शरीरात रोगजंतू नसतानाही मंद आचेवर चालू राहणारा एक दाह असतो, ही कल्पना तेथून बळावली. २००१ मध्ये ग्लासगोतील संशोधकांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात दाहाची खूण मानले जाणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढलेले असल्याचे दाखवले. २००४ साली जर्मनीतून वृत्त आले की या स्त्रियांत गलग्रंथीवर स्वतःच्याच प्रतिकारसंस्थेचा हल्ला होण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आहे. आणि आम्हांला सर्वांत विलक्षण वाटली ती गोष्ट त्याहून जुनी आहे. निरोगी स्त्रीमध्ये दरमहा बीज बाहेर पडण्याची घटना हीच मुळात दाहासारखी असते, असा विचार १९८० मध्येच मांडला गेला होता. पुटिकेची भिंत फुटण्याआधी तेथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, सूज येते, भिंत विरघळते आणि मग जखम भरावी तशी ती जागा भरते. म्हणजे दाह हा अंडाशयाचा शत्रू आहे असे सरसकट म्हणता येत नाही. तो तेथला नेहमीचा कारागीर आहे. वेळ चुकली तर मात्र तोच घर पाडतो.

येथवरची हकीकत युरोप-अमेरिकेची झाली. आता कोरिया.

चोसन राजवटीत, १४०६ साली, राजा तेजोंगच्या काळात एका सरकारी आरोग्यसंस्थेत काही मुलींना नाडीपरीक्षा आणि सुया टोचण्याचे शास्त्र शिकवण्याची व्यवस्था झाली. कारण सरळ होते. पुरुष वैद्याला अंग दाखवण्याची लाज वाटून स्त्रिया उपचाराविना मरत होत्या. या वैद्य स्त्रियांना 'उइन्यो' म्हणत. त्या खालच्या, बंदिस्त दर्जाच्या घरांतून निवडल्या जात; कुलीन स्त्रीचे शरीर पाहण्याचा अधिकार मिळायचा तो कुलीन नसल्यामुळेच. त्यांच्यातील जांगगुम हिचे नाव राजा जुंगजोंगच्या कारकिर्दीच्या बखरींत येते आणि २००३ च्या दूरदर्शन-मालिकेने तर ते जगभर केले.

१६१० मध्ये पूर्ण होऊन १६१३ मध्ये छापल्या गेलेल्या हो जुनच्या 'दोंगुइबोगाम' या महाग्रंथात स्त्रियांच्या विकारांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची सुरुवात कोठून व्हावी? रोगापासून नव्हे, तर संततीच्या इच्छेपासून. अपत्य हवे तर आधी पाळी नियमित करा, हा तेथला क्रम. आजच्या भाषेत ज्याला आपण लक्षण म्हणू, ते तेथे वंशाच्या दाराला लागलेली कडी आहे. या क्रमामागे कायदा आणि रूढी उभी होती. पत्नीला टाकण्याची जी सात कारणे त्या समाजाने मान्य केली होती, त्यांत मुलगा न होणे हे एक होते. तिघींना संरक्षण होते: जिने सासूसासऱ्यांचे सुतक पाळले तिला, जिला परतायला घर नाही तिला, आणि जी गरिबीत आली व जिच्या डोळ्यांदेखत घर संपन्न झाले तिला. वांझ स्त्रीसाठी 'दगडी स्त्री' अशा अर्थाचा शब्द तेथे होता. ज्या घराला मुलगा नसे त्या घरी गुपचूप आणल्या जाणाऱ्या बदली स्त्रीला 'सिबाजी', म्हणजे बीज झेलणारी, म्हणत. इम ग्वॉन-तेक यांच्या याच नावाच्या चित्रपटातील कामासाठी कांग सू-यॉनला १९८७ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. बीज आणि क्षेत्र हे रूपक ज्यांनी आपल्या स्मृतिग्रंथांत वाचले आहे, त्यांना त्या चित्रपटातले काहीच परके वाटू नये.

१८८७ साली मेटा हॉवर्ड या अमेरिकन डॉक्टर बाईंनी सोलमध्ये केवळ स्त्रियांसाठी पहिले रुग्णालय उघडले. राजा गोजोंगने त्याला 'बोगुयोग्वान' असे नाव दिले: स्त्रियांचे रक्षण आणि सुटका करणारे घर. १८९० मध्ये तेथे रोझेटा शेरवुड रुजू झाल्या. येथे थोडे थांबावेसे वाटते. रोझेटा १८८९ साली पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन आल्या होत्या, आणि त्याच कॉलेजातून तीन वर्षे आधी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या. सोलमध्ये रोझेटांच्या हाताखाली दुभाषी म्हणून काम करणारी किम जोम-दोंग ही मुलगी पुढे एस्थर पार्क या नावाने बाल्टिमोरहून १९०० साली पदवी घेऊन परतली. ती कोरियाची पहिली पाश्चात्त्य वैद्यकातील स्त्री-डॉक्टर. आनंदीबाई क्षयाने १८८७ मध्ये गेल्या तेव्हा बावीसही पूर्ण नव्हत्या. एस्थर क्षयानेच १९१० मध्ये गेली. आनंदीबाईंना भारतात रुग्ण तपासण्याइतका अवधीही मिळाला नाही, एस्थरला दहा वर्षे मिळाली. एवढाच काय तो फरक, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो फरक हजारो रुग्णांचा आहे.

ज्या वर्षी एस्थर गेली त्याच वर्षी जपानने कोरिया आपल्या साम्राज्याला जोडला, आणि आता शीर्षकातील तिसरा शब्द आपल्या कथेत येतो. १९१९ साली लुडविक आणि हान्का हिर्शफेल्ड या दांपत्याने सालोनिकाच्या आघाडीवर जमलेल्या नाना देशांच्या सैनिकांचे रक्तगट मोजून एक निबंध प्रसिद्ध केला. 'ए' आणि 'बी' यांच्या प्रमाणावरून त्यांनी 'जैवरासायनिक वंशनिर्देशांक' काढला. युरोपीय त्यात वर आले. ब्रिटिश फौजेतले भारतीय अगदी तळाशी. ही मोजणी कोरियात पोहोचायला फार वेळ लागला नाही. १९२२ मध्ये किरिहारा हा जपानी शल्यविशारद आणि बेक इन-जे हा तरुण कोरियन डॉक्टर यांनी कोरियात राहणाऱ्या जपान्यांचे आणि निरनिराळ्या प्रांतांतील कोरियनांचे रक्तगट मोजले. निष्कर्ष राज्यकर्त्यांना सोयीचा होता: जपान्यांचा निर्देशांक वर, दक्षिणेकडील कोरियन त्यांच्या जवळ, आणि उत्तरेकडे जावे तसतसा उतार.

रक्तगट हे प्रतिकारसंस्थेचेच प्रकरण आहे, हे आपण सहसा विसरतो. एकाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे दुसऱ्याच्या तांबड्या पेशींना परके मानून त्यांच्या गुठळ्या करतात, यावरूनच लांडस्टायनरने विसाव्या शतकाच्या आरंभी ते ओळखले होते. तेव्हा कोरियनांच्या शरीरात प्रतिकारसंस्थेशी नाते असलेले पहिले जनुक मोजले गेले ते २००० नंतर नव्हे, तर १९२२ मध्ये. आणि प्रश्न तेव्हा आजाराचा नव्हताच. आपला कोण आणि परका कोण, हा प्रश्न पेशींना विचारून त्याचे उत्तर माणसांना लावायचे होते.

कोरियन राष्ट्रवादाने याला जे उत्तर दिले तेही रक्ताचेच होते. सिन चे-होने १९०८ मध्येच राष्ट्राचा इतिहास म्हणजे वंशाचा इतिहास असे मांडले होते. एकाच रक्ताचे लोक, एकच अखंड वंश, ही कल्पना गुलामीत धीर देणारी ठरली आणि स्वातंत्र्यानंतर पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. तिच्यात सत्य किती, हा भाग निराळा. आमच्या विषयापुरते एवढेच, की जनुकशास्त्राला अशी कल्पना फार आवडते. रुग्ण आणि निरोगी असे दोन गट करायचे, तर दोन्ही गटांचे पूर्वज एकच असलेले बरे. नाहीतर आजाराचा फरक कोणता आणि वंशाचा कोणता हे उलगडत नाही. वसाहतीच्या काळात जो शब्द अपमान होता आणि राष्ट्रवादात जो अभिमान झाला, तो शोधनिबंधात पद्धतीची गरज म्हणून आला.

आणि ती गरज खोटी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. एक उदाहरण पुरे. इंटरल्यूकिन-६ या जनुकाच्या आरंभीच्या भागात १७४ क्रमांकाच्या जागी 'जी'ऐवजी 'सी' असणे युरोपात अगदी सर्रास आढळते, आणि पीसीओएसच्या युरोपीय अभ्यासांत तो फरक तपासला गेला. कोरियन, जपानी, चिनी लोकांत तो जवळजवळ नसतोच. जो फरक अस्तित्वातच नाही त्याचा आजाराशी संबंध कसा शोधणार? तेथे त्याच जनुकातील ५७२ क्रमांकाची जागा पाहावी लागते. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरचीही तीच कथा. ३०८ क्रमांकाचा युरोपात गाजलेला भेद पूर्व आशियात विरळ आहे. २०११ साली कोरियातील छा विद्यापीठाच्या संशोधकांनी या जनुकाच्या १०३१ क्रमांकाच्या जागेवरील भेद पीसीओएस असलेल्या स्त्रियांत निराळ्या प्रमाणात आढळतो असे प्रसिद्ध केले. 'कोरियन स्त्रियांमध्ये' हे शब्द अशा वेळी अभिमानाचेही नसतात आणि अपमानाचेही. 'तुमचा प्रश्न आमच्या शरीरांना लागू पडत नाही,' एवढेच ते सांगतात. परक्या भाषेतील समीक्षेची परिमाणे आपल्या साहित्याला लावताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांना या वाक्याचे मोल कळेल.

तरीही या निबंधांचा पाया ठिसूळ होता. काही शे रुग्ण, काही शे निरोगी स्त्रिया, आणि आधीच संशय घेतलेले एखादे जनुक. वीस निरपराध जनुके तपासली तरी निव्वळ योगायोगाने एखादे दोषी दिसावे, असा संख्याशास्त्राचा प्रचलित दंडक आहे. जे दोषी दिसले ते छापले जाते आणि उरलेली एकोणीस टेबलाच्या खणात राहतात. ही खोड काही केवळ कोरियाची नव्हे. अमेरिकेत १९९९ साली सदतीस संशयित जनुके एकदम तपासली गेली, त्यांत फॉलिस्टॅटिन हे सर्वांत पुढे आले आणि पुढच्या तपासात तेही मागे पडले.

मग पद्धत पालटली. संशयिताचे नाव आधी न घेता संपूर्ण जनुकसंच चाळायचा. २०११ मध्ये चीनमधून असा पहिला मोठा अभ्यास आला आणि त्याने तीन ठिकाणे दाखवली. त्यांत अंडाशयाला उद्दीपित करणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहकाचे जनुक होते, तसेच डेन-डी-वन-ए हे तोवर या संदर्भात कोणाच्या ध्यानीमनी नसलेले जनुकही. कोरियातून २०१२ आणि २०१५ मध्ये असेच अभ्यास आले. २०१८ साली युरोपीय वंशाच्या दहा हजारांहून अधिक रुग्ण-स्त्रियांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात चौदा ठिकाणे निघाली आणि काही चीनमध्ये सापडलेलीच होती. एवढ्या मोठ्या सभेत प्रतिकारसंस्थेची जनुके पहिल्या रांगेत बसलेली दिसत नाहीत. पाचव्या गुणसूत्रावरील एका ठिकाणाजवळ प्रतिकारशक्तीत काम करणारे आयआरएफ-वन हे जनुक आहे खरे, पण शेजारी राहतो म्हणून त्यालाच पकडावे, असा पुरावा तो अभ्यास देत नाही. दाह खरा आहे, तो रक्तात मोजता येतो. तो जन्मतः लिहून आलेला आहे की पुढच्या आयुष्यात जडलेला, हा खटला अजून चालू आहे.

या सर्व नमुन्यांतील स्त्रिया कोणत्या काळात जगत होत्या, हे निबंधांत नसते. १९६२ पासून कोरियन सरकारने कुटुंबनियोजनाची मोहीम राबवली. मुले कमी हवी होती. २००६ पासून तेच सरकार वंध्यत्वाच्या उपचारांना अनुदान देऊ लागले; मुले जास्त हवी होती. २०२३ मध्ये तेथील जननदर एका स्त्रीमागे ०.७२ इतका उतरला. मधल्या काळात ह्वांग वू-सुक यांचे प्रकरण घडले. मानवी भ्रूण क्लोन करून मूलपेशी मिळवल्याचा दावा करणारे त्यांचे २००४ आणि २००५ चे निबंध बनावट ठरून जानेवारी २००६ मध्ये मागे घेतले गेले. त्या प्रयोगांसाठी दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे वापरली गेली होती, आणि देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधक स्त्रियाही होत्या. बीजे अनेक मिळावीत म्हणून द्यायच्या औषधांनी अंडाशय अतिउद्दीपित होऊन जीवावर बेतू शकते, आणि पीसीओएस असलेल्या स्त्रीला हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तरी घोटाळा उघड होत असतानाच शेकडो स्त्रियांनी देशासाठी आपली बीजे देऊ केली. सुतक पाळणारी सून आणि बीज देऊ करणारी नागरिक यांच्यात किती अंतर आहे, ते ज्याने त्याने मोजावे.

मोजण्यावरून आठवले. स्त्रीच्या अंगावरील केस किती म्हणजे फार, यासाठी फेरिमन आणि गॉलवे यांनी १९६१ साली इंग्लंडमध्ये एक गुणांकन केले. ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, मांड्या अशा नऊ जागांना गुण द्यायचे आणि बेरीज आठ झाली की स्त्री 'अतिकेशी', हा पुढे रूढ झालेला दंडक. पूर्व आशियातील स्त्रियांच्या अंगावर मुळात केस कमी. तेव्हा या मापाने तेथे विकार असूनही तो कागदावर दिसत नसे, आणि वजनही बेताचे असल्याने ते लक्षणही हुलकावणी देई. २०११ साली सोलच्या संशोधकांनी नोकरीपूर्व तपासणीसाठी आलेल्या सुमारे हजार तरुण स्त्रियांचे गुण मांडले आणि कोरियन स्त्रीसाठी मर्यादा सहा ठरवली. आठवरून सहा. ज्या स्त्रियांची बेरीज सात येत होती, त्यांना त्या वर्षी प्रथमच कोणीतरी सांगितले असेल की त्यांची तक्रार मनाचा खेळ नव्हती.

त्याच्या काही वर्षे आधी, २००५ मध्ये, सोलमधील महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या पाहणीत पीसीओएसचे प्रमाण सुमारे पाच टक्के आढळले होते. ती पाहणी आणि २०१५ चा संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास, या दोन्ही कामांत इह्वा महिला विद्यापीठाच्या डॉक्टरांचा मोठा हात होता. इह्वाचे वैद्यकीय केंद्र आपला उगम १८८७ च्या बोगुयोग्वानपर्यंत नेते. म्हणजे त्या घरापर्यंत, जेथे एस्थर पार्क प्रथम डॉक्टर म्हणून नव्हे, तर दुभाषी म्हणून उभी होती: एका स्त्रीचे दुखणे दुसऱ्या स्त्रीच्या भाषेत सांगत.